चाकावरची दोन बोटं

गाडीशेजारी उकिडवे बसा आणि टायरचा माथा आणि मडगार्डची कड यांच्यामध्ये बोटं घालून पाहा. माझ्या ऑक्टाव्हियाच्या त्या फटीत चार बोटं सहज जायची. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच युरोपीय सेडान खड्ड्यांचा आणि गतिरोधकांचा विचार करून थोड्या उंच ठेवलेल्या असतात. बाकी गाडी कितीही रेखीव असली, तरी गाडीवर जीव असलेल्या माणसाची नजर त्या फटीवरच अडकते. मग दोन विचार मनात येतात. गाडी थोडी खाली बसवावी आणि चाकं मोठी घालावीत. स्प्रिंग एका दुकानात मिळतात, अलॉय दुसऱ्या दुकानात. त्यामुळे हे दोन वेगळे निर्णय आहेत असं वाटतं, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. हे दोन्ही खर्च एकाच खात्यातून होतात. रस्त्याचा धक्का आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये जेवढं अंतर आणि जेवढं रबर आहे, तेवढीच त्या खात्यातली शिल्लक.

उदाहरणासाठी ऑक्टाव्हियाच घेऊ, कारण महाराष्ट्राचा आणि या गाडीचा जुना संबंध आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात स्कोडाचा कारखाना २००१ मध्ये सुरू झाला आणि तिथून बाहेर पडलेली पहिली गाडी ऑक्टाव्हियाच होती. पुण्यामुंबईत गाडीत हौसेने बदल करणाऱ्यांच्या एका पिढीने आपले पहिले प्रयोग याच गाडीवर केले.

स्प्रिंगबद्दलचा एक गैरसमज आधी दूर करू. स्प्रिंग मऊ केली की गाडी खाली बसते, असं पुष्कळांना वाटतं. मऊ स्प्रिंगने गाडी खाली बसेलही, पण पहिल्याच खड्ड्यात तळाला आपटेल. म्हणून लोअरिंग स्प्रिंग नेहमी मूळ स्प्रिंगपेक्षा कडक असते, आणि कडक असूनही गाडी खाली यावी म्हणून लांबीला बरीच आखूड असते. थोडा हिशोब करू. गाडीच्या वजनाने मूळ स्प्रिंग १६ सेंटिमीटर दबते असं धरा. तेवढ्याच लांबीची, पण २५ टक्के कडक स्प्रिंग बसवली तर ती १२.८ सेंटिमीटरच दबेल, म्हणजे गाडी ३२ मिलिमीटर वर उचलली जाईल! तीच गाडी ३० मिलिमीटर खाली आणायची, तर स्प्रिंग मोकळी असताना मूळ स्प्रिंगपेक्षा सहा सेंटिमीटरहून जास्त आखूड हवी. आता इतकी आखूड स्प्रिंग, गाडी जॅकवर चढवून चाक लोंबकळत असताना, आपल्या बैठकीतून सुटायला नको. म्हणून चांगल्या लोअरिंग स्प्रिंगच्या एका टोकाचे दोन-तीन वेढे अगदी जवळजवळ असतात. गाडी उभी असताना हे वेढे जवळपास मिटलेले असतात. चाक लोंबकळलं की ते उघडतात आणि स्प्रिंगला जागेवर धरून ठेवतात. दुकानदार त्यांच्याकडे बोट दाखवून ‘प्रोग्रेसिव्ह आहे’, म्हणजे दबेल तशी कडक होत जाते, असं म्हणतो. त्यात तथ्य आहे, पण त्या वेढ्यांचं पहिलं काम हे धरून ठेवण्याचं.

हे एवढं तपशिलात सांगायचं कारण ग्राइंडर. अजूनही काही गल्ल्यांमध्ये मूळ स्प्रिंगचा एक वेढा कापून गाडी खाली बसवून देतात. सहा कामाचे वेढे असलेल्या स्प्रिंगचा एक वेढा कापला, की ती २० टक्के कडक होते. कारण तेवढाच ताण आता पाच वेढे वाटून घेतात. इथपर्यंत ऐकायला बरं वाटतं. पण कापलेलं टोक बैठकीच्या खाचेत नीट बसत नाही, कापताना तापलेल्या जागी पोलादाचं पाणी उतरतं आणि पुढे स्प्रिंग तिथूनच तुटू शकते. शिवाय चाक लोंबकळलं की ती खडखडत सैल होते. या बाबतीत माझं मत ठाम आहे: कापलेली स्प्रिंग कोणत्याही गाडीत, कोणत्याही किमतीला घालू नये.

चांगल्या स्प्रिंगांच्या जगात जर्मनीतल्या झाउअरलँड या डोंगराळ भागातली दोन शेजारची गावं फार महत्त्वाची आहेत. फिनेनट्रोपमध्ये आयबाख आहे आणि लेनेश्टाटमध्ये एच अँड आर. दोघांच्या याद्यांमध्ये एकाच मॉडेलसाठी निरनिराळे स्प्रिंग क्रमांक दिसतात आणि त्यांच्यासमोर पुढच्या एक्सलवर किती किलो भार चालेल ते लिहिलेलं असतं. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा जड, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मॅन्युअलपेक्षा जड. पेट्रोलची स्प्रिंग डिझेलला घातली तर गाडी नाकावर बसते. कारखानाही हा हिशोब ठेवतो. मूळ स्प्रिंग नीट पुसून पाहिली तर तिच्यावर रंगाचे ठिपके किंवा पट्टे सापडतात. ती त्या स्प्रिंगच्या वजनगटाची खूण असते. स्प्रिंग मागवताना गाडीचं नाव आणि वर्ष एवढंच सांगून थांबू नका. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं सस्पेन्शन मल्टिलिंक आहे की टॉर्शन बीम, हेही सांगा. ऑक्टाव्हियात दोन्ही प्रकार आले आहेत.

खाली बसवल्याने गाडी वळणावर किती सुधारते? हौशी माणसाला इथे थोडं निराश व्हावं लागतं. चौदाशे किलोची गाडी, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर, दोन चाकांमधलं अंतर १५४ सेंटिमीटर. गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट जोराने ती वळणात घातली, तर आतल्या चाकांवरचा साधारण ४०० किलो भार बाहेरच्या चाकांवर जातो. गाडी ३० मिलिमीटर खाली आणल्यावर हाच आकडा ३७८ होतो. फरक फक्त २२ किलोंचा. गाडी वळणावर घट्ट बसल्यासारखी वाटते, त्यातला मोठा वाटा स्प्रिंग कडक झाल्याचा असतो. उंची कमी झाल्याचा वाटा लहान.

उलट, प्रमाणाबाहेर खाली गेलं की नुकसान सुरू होतं. ऑक्टाव्हियाला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. फोर्डच्या अर्ल मॅकफर्सनने मांडलेली ही रचना १९५० च्या सुमारास ब्रिटिश फोर्ड गाड्यांमधून रस्त्यावर आली आणि आज जगातल्या बहुतेक सेडानच्या पुढच्या चाकांना तीच आहे. तिचा लोअर आर्म साधारण आडवा असावा लागतो. गाडी फार खाली बसली की त्या आर्मचं चाकाकडचं टोक वर आणि गाडीकडचं टोक खाली जातं. मग गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा कितीतरी जास्त खाली घसरतो. दोघांमधलं अंतर वाढतं आणि गाडीला कलायला मोठा तरफदांडा मिळतो. साठ मिलिमीटर खाली बसवलेली गाडी उभी असताना शर्यतीची दिसते, पण वळणावर ती पंचवीस मिलिमीटरवाल्या गाडीच्या मागे पडू शकते.

ऑक्टाव्हियाची आरएस आवृत्ती कारखान्यातूनच खाली बसवलेली येते. किती? साध्या ऑक्टाव्हियापेक्षा साधारण दीड सेंटिमीटर. हाताशी चाचणीचे ट्रॅक, अभियंते आणि हव्या तशा स्प्रिंग बनवून घेण्याची ताकद असलेल्या लोकांनी खास वेगवान गाडीसाठी दीड सेंटिमीटर पुरेसा मानला. स्प्रिंगचं पाकीट हातात घेण्याआधी या आकड्यावर थोडा विचार करा.

आता खात्यातली खरी शिल्लक पाहू. चाकाला वर जायला मूळ गाडीत, बंपस्टॉपच्या रबराला टेकेपर्यंत, ८० मिलिमीटर जागा आहे असं समजा. गाडी ३० मिलिमीटर खाली आणली की उरतात ५०. तोच खड्डा, तोच धक्का आता ५० मिलिमीटरमध्ये जिरवायचा. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा अंतराच्या वर्गाने बदलते, म्हणून बंपस्टॉपला न लागता तेवढाच धक्का सोसायला स्प्रिंग अडीच पट कडक हवी. अशी स्प्रिंग घातलेल्या गाडीत घरचे लोक बसणार नाहीत. बाजारातली स्प्रिंग वीस-तीस टक्केच कडक असते, आणि ते योग्यही आहे. याचा अर्थ एवढाच, की खाली बसवलेली गाडी बंपस्टॉपला पूर्वीपेक्षा जास्त वेळा टेकणार. पंचवीस मिलिमीटरला ते खपून जातं. पन्नासला गाडी बंपस्टॉपवरच चालते.

हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. मागच्या शॉकअपचं धूळझाकण वर सरकवा, चकचकीत दांड्याला एक बारीक प्लॅस्टिकचा केबल टाय बांधा आणि शॉकअपच्या नळीला टेकेपर्यंत खाली ढकला. मग आठवडाभर आपल्या नेहमीच्या रस्त्याने, नेहमीची माणसं आणि नेहमीचं सामान घेऊन गाडी चालवा. आठवड्याने तो टाय जिथे सरकलेला दिसेल, तिथपर्यंत तुमची गाडी रोज दबते. मी हे केलं तेव्हा टाय आणि बंपस्टॉप यांच्यामध्ये माझ्या करंगळीएवढंही अंतर उरलेलं नव्हतं, आणि तेव्हा गाडी मूळ स्प्रिंगवर होती. चाळीस मिलिमीटरचा बेत मी त्याच संध्याकाळी सोडून दिला.

गतिरोधकाचं गणितही मांडून पाहू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे तो १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा होतो. अलीकडच्या ऑक्टाव्हियाच्या दोन एक्सलमधलं अंतर २.७ मीटरच्या आसपास. गाडी अशा गतिरोधकाच्या बरोबर मध्यावर आली, तर चारही चाकं त्याच्या उतारावरच असतात आणि गाडीच्या पोटाखालची फक्त ५४ मिलिमीटर जागा कमी होते. ११० मिलिमीटर क्लिअरन्सची गाडीही त्यावरून आरामात जाते. पण सोसायटीच्या फाटकासमोर रातोरात घातलेला, हातभर रुंद आणि वीतभर नसला तरी १२ सेंटिमीटर उंच असलेला सिमेंटचा बांध चाकं खाली असतानाच पोटाखाली येतो आणि १२० च्या १२० मिलिमीटर खातो. गाडी गतिरोधकावर घासते तेव्हा दोष बऱ्याचदा गतिरोधकाचा असतो. पण फुटते आपल्या इंजिनखालची प्लेट. म्हणून घरापासून कामापर्यंतच्या वाटेवरचा सगळ्यात वाईट बांध एकदा टेप लावून मोजा. त्याची उंची हीच तुमची मर्यादा. गाडी मोजताना पाच माणसं आणि भरलेली डिकी धरून मोजा.

शॉकअपबद्दल थोडक्यात. कडक स्प्रिंगला आवरायला दमदार शॉकअप लागतो. साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेल्या मूळ शॉकअपवर नवी स्प्रिंग चढवली, की गाडी प्रत्येक उंचवट्यानंतर डुलत राहते आणि लोक स्प्रिंगला नावं ठेवतात. बिलश्टाइनने या कामासाठी दोन वेगळ्या जाती ठेवल्या आहेत. बी ६ मूळ उंचीसाठी आणि बी ८ खाली बसवलेल्या गाडीसाठी, आखूड अंगाचा. त्यांची अदलाबदल करू नका.

आता चाकं. ऑक्टाव्हियाची साधी मापं पाहिली तर २०५/५५ आर १६ मध्ये टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची ११३ मिलिमीटर असते. २२५/४५ आर १७ मध्ये ती १०१ होते, २२५/४० आर १८ मध्ये ९०, आणि २२५/३५ आर १९ मध्ये ७९. टायरचा बाहेरचा व्यास मात्र ६३२ वरून ६४० मिलिमीटरपर्यंतच जातो. म्हणजे चाक मोठं दिसतं ते रबराच्या बदल्यात धातू घातल्याने. सोळावरून एकोणिसावर गेलं की ३४ मिलिमीटर रबर गेलं. वर स्प्रिंगने ३० मिलिमीटर घेतलेच होते. दोन दुकानांमधल्या दोन खरेद्या एकाच खात्यावर पडतात, त्या अशा.

गेलेल्या रबराची किंमत मला पावसाळ्यात कळली. गाडीला अठरा इंची चाकं लावून काहीच महिने झाले होते. ताम्हिणी घाटात संध्याकाळी धो धो पाऊस, रस्त्यावर पाणी, आणि त्या पाण्याखाली धारदार कडेचा खड्डा. आवाज एवढाच आला: ‘टक्’. हवा गेली नाही, गाडी चालत राहिली. सकाळी पाहिलं तर पुढच्या डाव्या टायरच्या भिंतीवर लिंबाएवढा फुगा. खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्यामध्ये रबर चिमटलं होतं आणि आतले धागे तुटले होते. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. तो कधी फुटेल याचा नेम नसतो, त्यामुळे टाकूनच द्यावा लागतो. त्याच खड्ड्यातून सोळा इंची टायर गेला असता तर दबून पुन्हा वर आला असता. टायरची भिंत हीच गाडीची पहिली स्प्रिंग आहे, हे मला तेव्हा पटलं.

मोठ्या चाकाचा टायर घेताना भिंतीवरचा भारांक वाचा. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, ८८ म्हणजे ५६०. १९ इंची २२५/३५ मध्ये बहुधा ८८ मिळतो, म्हणजे चार टायरांचे मिळून २२० किलो कमी. मूळ टायरपेक्षा कमी भारांक कधीच घेऊ नये. ‘एक्स्ट्रा लोड’ लिहिलेला टायर जास्त भार पेलतो, पण त्याला हवाही जास्त लागते आणि त्यामुळे तो आणखी कडक लागतो. आणि चाकाचं वजन! दुकानात काटा असतोच. रिम त्यावर ठेवायला सांगा. चाकाच्या कडेला असलेलं एक किलो गाडी पळवताना जवळपास दोन किलोंसारखं वागतं, कारण ते पुढेही न्यायचं असतं आणि फिरवायचंही असतं. स्वस्त, जाड ओतीव १८ इंची चाकांनी दमदार टर्बो इंजिनही सुस्तावल्यासारखं वाटतं.

रिम नेमकी बसते की नाही हे चार आकड्यांवर ठरतं, आणि दुकानात त्यातले पहिले दोनच विचारले जातात. अलीकडच्या ऑक्टाव्हियाला ११२ मिलिमीटर वर्तुळावर पाच बोल्ट लागतात, हे सगळ्यांना माहीत असतं. रुंदीही विचारली जाते. ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबवर टेकणाऱ्या भागाचं अंतर, आणि मधलं भोक राहून जातं. समजा, मूळ चाक ७ इंच रुंद, ऑफसेट ४९, आणि नवं ८ इंच रुंद, ऑफसेट ३५. रुंदीमुळे १२.७ आणि ऑफसेटमुळे १४ असं मिळून नवं चाक २६.७ मिलिमीटर बाहेर येतं. गाडी खाली बसवलेली असेल, तर मागे तीन माणसं बसल्यावर टायर मडगार्डची कड तासायला लागतो. दुकानात रिकाम्या गाडीवर हे दिसत नाही. हबचा मधला उंचवटा ५७.१ मिलिमीटरचा. बाजारातल्या बऱ्याच रिमांचं भोक त्याहून मोठं असतं, आणि मधे योग्य मापाची हब रिंग नसेल तर शंभरच्या आसपास स्टिअरिंग थरथरतं. चार वेळा बॅलन्सिंग करूनही ती थरथर जात नाही. सगळ्यात गंभीर गोष्ट बोल्टची. फोक्सवॅगन समूहाच्या मूळ बोल्टची बैठक गोलाकार असते, बाहेरच्या बहुतेक रिमांची शंकूच्या आकाराची. मूळ बोल्ट त्या रिमला लावले तर ते कडेवरच टेकतात, आवळलेले वाटतात आणि पुढे सैल होतात. रिम बदलली की बोल्ट बदलले पाहिजेत. इथे पैसे वाचवायला जाऊ नका.

कायद्याचं काय? जर्मनीत स्प्रिंगच्या खोक्यात त्या गाडीसाठीचं तपासणी प्रमाणपत्र येतं. मालक गाडी घेऊन टीयूव्ही या तपासणी संस्थेकडे जातो, तपासणी होते आणि बदल मान्य होतो. आपल्याकडे हौशी माणसासाठी अशी सरळ वाट नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल सांगतो, की उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीपुस्तकात आलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला दर बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. म्हणून चाकाचं माप कंपनीने त्याच गाडीच्या दुसऱ्या आवृत्तीला दिलेल्या मापांमधूनच निवडावं, आणि स्प्रिंगला हात लावण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी दोघांनाही लेखी विचारावं. अपघातानंतर विमा सर्वेक्षक गाडीखाली वाकून पाहतो तेव्हा बिल दाखवून काही उपयोग होत नाही.

मला कुणी विचारलं तर मी हे सांगतो. सोळा इंची गाडीला २२५/४५ आर १७ घ्या, हलकी रिम घ्या आणि उरलेले सगळे पैसे उत्तम टायरात घाला. ओल्या रस्त्यावर ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरात थांबते, हे स्प्रिंगपेक्षा रबर जास्त ठरवतं. तरीही फट खुपत असेल आणि कागदपत्रांची वाट मोकळी असेल, तर नवे शॉकअप आणि जास्तीत जास्त २५ मिलिमीटरची स्प्रिंग. अठरा इंची चाकं घ्यायची असतील तर स्प्रिंग मूळच ठेवा. दोन्ही टोकांना एकदम जाऊ नका. डिकीतली स्टेपनी सोळाचीच राहणार असेल, तर तिच्यासाठी मूळ बोल्टचा संच तिच्याशेजारी ठेवा, नाहीतर रात्री घाटात ती असून नसल्यासारखी.

शेवटी मेकॅनिकशी बोलायची दोन वाक्यं. लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना पक्के आवळले, तर गाडी खाली उतरताच ते रबर पिळलं जातं आणि काही महिन्यांत फाटतं. म्हणून आधी बोल्ट नुसते अडकवायचे, गाडी चाकांवर उभी करायची आणि मग आवळायचे. आणि नव्या स्प्रिंग पहिल्या काही आठवड्यांत आणखी थोड्या बसतात, त्यामुळे अलाइनमेंट एकदा लगेच आणि एकदा हजार किलोमीटरनंतर करून घ्यायची. ही दोन वाक्यं गाडीची चावी हातात देतानाच सांगा, आणि जमलं तर काम संपेपर्यंत तिथेच थांबा.